पाणी उकळले काय?

भुतं रात्रीची येतात, अमावास्येची येतात, असं सांगणारे लोक गावोगाव भेटतात. दिवा गावच्या धाकू आगऱ्याकडे येणारं भूत या सगळ्यांना खोटं पाडायचं. ते सकाळी यायचं, चांगलं उजाडल्यावर, अंघोळीच्या वेळी. त्याचे पाय उलटे नव्हते, ते रडत नव्हतं, नारळ की कोंबडं मागत नव्हतं. मिठागरावर जाण्याआधी धाकू चुलीवरचा हंडा उतरवून पाणी काढायचा, अंगावर घ्यायला बसणार, तोच तीन ठोके पडायचे. टक, टक, टक. काठीच्या लोखंडी टोकानं भांड्यावर वाजवावं तसे. आणि पाठोपाठ, मुनशीनं शिकवलेल्या शुद्ध पुस्तकी मराठीत, एकच प्रश्न यायचा.

"पाणी उकळले काय, धाकू?"

"उकललं, साहेब," धाकू न्हाणीच्या कुडाकडे बघून म्हणायचा. "खलखल उकललं. पोरीची आन."

मग दुसऱ्या दिवसापर्यंत सगळं शांत. त्याच्या बायकोला, सखुबाईला, ना ठोके ऐकू यायचे ना प्रश्न. तिला ऐकू यायचं ते नवऱ्याचं उत्तर. पहिले काही महिने ती घाबरली, मग तिला राग यायला लागला, आणि शेवटी तिनं हात टेकले. "ज्यांच्याशी बोलताव त्यांना सांगा, पानी निवतं हाय," एवढं म्हणून ती भाकऱ्या थापायला बसायची. अशी दोन वर्षं गेली. धाकूनं दोन वर्षांत एकही अंघोळ सुखानं केली नाही, आणि अंघोळ टाळावी तर मिठागरावरचं खारं पाणी अंगाला खायचं.

तो साहेब कोण, हे सांगायचं तर सन अठराशे चौऱ्याऐंशीच्या फाल्गुनात जावं लागेल. धाकू मिठाच्या होडीबरोबर ठाण्याला गेला होता. काम उरकून टेंभी नाक्याशी आला, तर तिथं ही गर्दी. मधोमध एक उंच, लाल दाढीचा गोरा उभा होता आणि त्याच्या पाठीवर जाड कापडाची एवढी मोठी पिशवी, चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेली. साहेबाच्या पाठीवर ओझं! घोडा नाही, पालखी नाही, मागं हमाल नाही. लोक पोट धरून हसत होते. साहेब हसणाऱ्यांना नमस्कार करत होता आणि विचारत होता, "मला पायी कल्याणास जावयाचे आहे. वाट कोण दाखवेल?"

"आगगाडी हाय ना, साहेब," धाकू म्हणाला.

"आगगाडीतून काही दिसत नाही," साहेब म्हणाला, आणि या एका उत्तरावर धाकू वाटाड्या झाला. मिठागरांच्या बांधावरून, पारसिकच्या डोंगराखालून जाणारी पायवाट त्याच्याइतकी कुणाला ठाऊक होती?

साहेबाचं नाव टेरेन्स. आयर्लंड नावाच्या बेटावरचा, तिकडे शाळामास्तर होता. त्याचा धाकटा भाऊ याच मुलखात असाच पायी फिरता फिरता पोटाच्या दुखण्यानं गेला होता. तेव्हापासून साहेबानं ध्यास घेतला होता की उष्ण देशांतून पायी हिंडावं, जिवंत राहावं, आणि कसं राहिलो ते एका वहीत लिहून छापावं, म्हणजे पुढे येणारा कुणी वाटसरू फुकट मरायला नको. ही वही त्याच्या छातीशी असायची. तिच्यात काय नव्हतं! पोटावर लोकरीचा पट्टा बांधायचा, फाल्गुनातसुद्धा. दुपारी सावली सोडायची नाही. सकाळी बूट उलटे करून झाडायचे, विंचू असेल तर पडेल. हिवताप येऊ नये म्हणून रोज कोयनेलची कडू पूड घ्यायची. एकदा त्यानं धाकूलाही चिमूटभर दिली, तर धाकू पार खाडीच्या काठापर्यंत थुंकत गेला आणि साहेब गुडघ्यांवर हात मारून हसला.

"एवरी भीती हाय तं घरीच बसायचं, साहेब," धाकू एकदा बोलून गेला.

साहेब रागावला नाही. "मी भित्रा आहे, म्हणूनच इतका चालू शकतो," असं म्हणून त्यानं पिशवीचे पट्टे आवळले.

धाकूला एकाच गोष्टीची लाज वाटायची. साहेब ओझं वाहतोय आणि आपण मोकळे हात हलवत पुढं चाललोय, हे रस्त्यानं भेटणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. त्यानं इतकी गयावया केली, की शेवटी साहेबानं तांब्याची किटली काढून त्याच्या हाती दिली. "हे सर्वांत मोठे काम," साहेब म्हणाला. "मी उकळलेले पाणीच पिणार. तू उकळायचे, थंड करायचे आणि बाटलीत भरायचे. माझा जीव या किटलीत आहे." धाकूनं ती किटली देवाच्या टाकासारखी सांभाळली. दर मुक्कामाला तीन दगड मांडून तो जाळ करायचा. पाणी नुसतं सणसणून त्याचं समाधान व्हायचं नाही. झाकण उडायला लागेपर्यंत तो लाकडं सारत राहायचा. मग साहेब येऊन काठीच्या टोकानं किटलीवर तीन ठोके मारायचा आणि विचारायचा, "पाणी उकळले काय, धाकू?" धाकू झाकण काढून वाफ दाखवायचा. साहेबाची मान डोलायची, तो वहीत काहीतरी टिपायचा आणि कुठल्यातरी पक्ष्याच्या मागं झुडपात शिरायचा.

धाकू किटली उतरवायचा, विसण घालायचा आणि बाटली भरून ठेवायचा. कढत पाण्यात विसण घालणं हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आगऱ्याच्या घरात काय, कुणाच्याही घरात, चुलीवरचं पाणी माणसाला द्यायचं तर गार पाणी मिसळूनच देतात. धाकूची आई तर म्हणायची, की बिनविसणाचं पाणी फक्त मयताच्या अंघोळीला काढावं, जित्या माणसाला तसं देणं म्हणजे अभद्र. साहेब चांगला माणूस होता. धाकू त्याच्यासाठी विसणाचं पाणीही पारखून आणायचा, जिथलं गार आणि गोड असेल तिथलं.

असे रमतगमत, चौथ्या दिवशी ते डोंबिवली मागं टाकून एका आगरी पाड्याशी आले. पाड्याच्या खालच्या अंगाला तळं होतं आणि वाटेवर आंब्याखाली हेमा नावाची एक बाई ताकाचं मडकं घेऊन बसली होती. पस्तिशीची, नवरा वारलेला, मूलबाळ नाही, दारी एक म्हैस. येणारे-जाणारे तिचं ताक प्यायचे, त्यावर तिचं आणि म्हशीचं पोट चालायचं. तिनं साहेबापुढं वाटी धरली. साहेबानं हात जोडून नको म्हटलं.

"कनाला नको? इख घातलंय काय त्यात?" हेमा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पोटाला लोकर गुंडालतो नि ताकाला भितो!"

साहेब कानापर्यंत लाल झाला. भिडेखातर त्यानं वाटी घेतली, दोन घोट प्यायला आणि "उत्तम आहे" असं म्हणून परत केली. तोवर धाकूनं तळ्याच्या काठी दगड मांडले होते. ठोके पडले, प्रश्न झाला, वाफ दाखवून झाली. तळ्याचं पाणी मोठं गार होतं. विसण घालून धाकूनं बाटली भरली आणि उन्हं कलल्यावर दोघं कल्याणच्या वाटेला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कल्याणच्या धर्मशाळेत, साहेबाला पटकी झाली. एवढा उंच माणूस चार घटकांत चिपाडासारखा सुकला. डोळे आत गेले, आवाज बसला, बोटांची टोकं निळी पडली. धर्मशाळा रिकामी झाली. पटकीला लोक मरी म्हणतात आणि तिच्या नावानंच पळतात. धाकू पळाला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. तो उशाशी बसून बाटलीतलं पाणी साहेबाच्या ओठांना लावत राहिला.

संध्याकाळच्या सुमाराला साहेबानं काठी मागितली. हातात जोर नव्हता, तरी त्यानं ती किटलीवर वाजवली. तीन ठोके.

"पाणी उकळले काय, धाकू?"

"उकललं साहेब. दर येली उकललं. माज्या जयाची आन!" धाकूच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. जया म्हणजे त्याची पाच वर्षांची पोर.

साहेब त्याच्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे. शाळामास्तर अडलेल्या गणिताकडे बघतो तसं. मग त्यानं वही मागितली, पेन्सिलीनं दोन-तीन ओळी लिहिल्या, आणि दिवे लागायच्या आत तो गेला.

चौकशीला एक कारकून आला, तो दारातूनच नाकाला रुमाल लावून विचारायला लागला. साहेबानं काय खाल्लं, काय प्यायलं? पाणी कुणी दिलं? गोरा माणूस मेला होता आणि त्याच्यापाशी धाकूखेरीज कुणी नव्हतं. "पानी उकललेलंच दिलं," तो म्हणाला, आणि मग घाईनं, कारकुनानं विचारायच्या आत म्हणाला, "ताक प्यायला व्हता. त्या हेमाकरं."

कारकुनानं ते लिहून घेतलं.

पिशवी आणि घड्याळ सरकारात जमा झालं. किटली आणि वही मात्र आजाऱ्याच्या उशाशी होत्या म्हणून त्यांना कुणी हात लावेना. धाकूनं वही किटलीत घातली, किटली फडक्यात बांधली आणि घरी आणून आढ्याला टांगली. चौथ्या सकाळी तो अंघोळीला बसला, तेव्हा पहिल्यांदा ते तीन ठोके पडले.

आता भूत मागे लागलं म्हटल्यावर माणूस जे जे करतो ते सगळं धाकूनं केलं. भगताकडे गेला, कोंबडं दिलं. भगत म्हणाला, गोऱ्याची भाषा मला कळत नाही. हा गोरा तर तुमच्याआमच्यापेक्षा शुद्ध बोलतो, हे धाकू त्याला सांगत बसला नाही. मग त्यानं ठाण्याच्या जुलियाबाईला गाठलं. ती कोळंबी विकायला दिव्यापर्यंत यायची, मनानं मोठी. तिनं चर्चमध्ये साहेबाच्या नावानं मेणबत्ती लावली आणि पाद्र्याकडून प्रार्थना म्हणवली. दुसऱ्या दिवशी ठोके पडलेच. धाकूला समजेना. साहेबानं विचारलं, आपण खरं उत्तर दिलं, शपथेवर दिलं. मग हा माणूस रोज तेच का विचारतो?

हेमाचं काय झालं, ते त्याच्या कानावर येत होतं. 'साहेब खाल्लेली बाई' असं तिचं नाव पडलं. वाटसरू आंबा टाळून पलीकडून जायला लागले. मडकंच्या मडकं ताक उकिरड्यावर ओतावं लागे. पहिल्या पावसाळ्यानंतर म्हैस गेली. पाड्यातल्या बायका तिला विहिरीवर आधी भरू देईनात, आपलं भरून झाल्यावर भर म्हणायच्या. धाकूला कल्याणला जायचं असलं की तो तळ्याच्या मागून मैलभराचा वळसा घालून जायचा. आपण खरं तेच सांगितलं, असं तो स्वतःला बजावायचा. पण वळसा काही चुकला नाही.

दोन वर्षांनी, चैत्रात, मरी दिव्यात आली. आधी वरच्या आळीत दोन माणसं गेली, मग पाच. आणि एका सकाळी जया, आता सात वर्षांची, अंगणात खेळता खेळता पोट धरून खाली बसली.

कल्याणच्या दवाखान्याचे एक डॉक्टर त्या दिवशी आगगाडीनं येऊन गावात फिरत होते. पागोटं बांधलेले, पुण्याकडचे, बोलायला तुटक पण पोटात माया असलेले. त्यांनी जयाची नाडी पाहिली, औषधाचे थेंब दिले. "आता हिचं सगळं पाण्यावर आहे," ते म्हणाले. "घोटघोट पाणी देत राहा, थांबू नका. पण पाणी उकळलेलंच हवं. तळ्याचं, विहिरीचं, माठातलं, कसलंही कच्चं पाणी पोटात गेलं तर पोर हातची जाईल. समजलं?"

"मना शिकवू नका, डाक्तरसाहेब," धाकू म्हणाला. त्याच्या आवाजाला कंप होता, तरी त्यात अभिमानही होता. "पानी कसं उकलायचं त्ये मी साहेबाकरं शिकलोय."

डॉक्टर शेजारच्या घरात गेले. धाकूनं आढ्यावरची किटली उतरवली. वही काढून बाजूला ठेवली. किटली घासली, पाणी भरलं, जाळ केला. झाकण उडायला लागलं, तरी त्यानं लाकडं सारली. जया पडवीत कांबळ्यावर निजली होती, सखुबाईच्या मांडीवर डोकं ठेवून. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते आणि ती सारखी म्हणत होती, "आये, पानी." त्या पोरीच्या सुकत चाललेल्या चेहऱ्यात धाकूला साहेबाचा चेहरा दिसायला लागला. त्यानं घाईनं किटली उतरवली, वाटीत पाणी ओतलं. वाफ येत होती. असं कढत पाणी पोरीला कसं द्यायचं? त्यानं माठात तांब्या बुडवला आणि वाटीवर धरला.

टक, टक, टक.

"पाणी उकळले काय, धाकू?"

"उकललं, साहेब!" धाकू ओरडला. "आज तरी सोरा मना! पोर मरते माजी!"

टक, टक, टक.

दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. एकदा उत्तर दिलं की साहेब गप्प व्हायचा. धाकूनं किटलीकडे बघितलं. इतके दिवस तो ठोके आले की उकळत्या भांड्याकडेच बघायचा, नाहीतर कुडाकडे. किटली चुलीशेजारी मुकाट होती. ठोके तिच्यावर पडलेच नव्हते. पुन्हा तीन पडले, आणि या वेळी त्याच्या बोटांना ते हातात कळले. ठोके त्याच्या उजव्या हातातल्या तांब्यावर पडत होते. माठातल्या गार पाण्याच्या तांब्यावर.

धाकूच्या हातातून तांब्या सुटला. पाणी चुलीच्या राखेत गेलं आणि घरभर राखेचा वास भरला.

तो तसाच धावत शेजारच्या दारात गेला. "डाक्तरसाहेब, उकललेल्या पान्यात इसन घातलं तं?"

"विसण? कच्च्या पाण्याचं?" डॉक्टर वळून म्हणाले. "मग उकळलंस कशाला, बाबा?"

ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा प्रत्येक मुक्काम धाकूच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. तीन दगड, जाळ, उडणारं झाकण, साहेबाची डोलणारी मान, आणि मग स्वतःचा हात, मायेनं विसण घालणारा. साहेब मरत असताना त्याच्या ओठांना जी बाटली लावली, तिच्यातही तेच पाणी होतं. आपण मारला त्याला. पाजून पाजून मारला. आणि दोष लावला एका बाईच्या ताकाला. रडायला सवड नव्हती. तो घरी परतला, वाटीतलं पाणी फेकलं, पुन्हा किटली ठेवली. पुन्हा झाकण उडालं. मग त्यानं पाणी रुंद परातीत ओतलं, परात उंबऱ्यात वाऱ्यावर ठेवली आणि ताडाच्या पंख्यानं वारा घालत बसला.

"द्या ना तिला पानी! इसन घाला नि द्या!" सखुबाई कळवळली.

"नाय," धाकू म्हणाला. "निवू दे."

"बिनइसनाचं? मढ्याला देतात तसं?"

"तसंच. गप बस तू."

आई मांडीवरची पोर धरून रडत होती, पोर पाणी मागत होती आणि बाप परातीला वारा घालत होता. पाणी निवायला लागलेला तो वेळ धाकूला दोन वर्षांपेक्षा मोठा वाटला. ठोके पडले नाहीत. बोट बुडवून बघायचाही धीर त्याला झाला नाही, परातीतलं पाणी वाटीत घेऊन त्यानं वाटीला बाहेरून हात लावून पाहिलं आणि पहिला घोट जयाच्या ओठांत सोडला. मग दिवसभर तेच. उकळायचं, निववायचं, पाजायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी जयानं डोळे उघडून पेज मागितली.

डॉक्टर पुन्हा आले तेव्हा पोर बघून त्यांना बरं वाटलं. चुलीपाशी पडलेली वही त्यांनी उचलली. "ही कुणाची? इंग्रजी आहे."

धाकूनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. डॉक्टर ऐकता ऐकता पानं उलटत होते. शेवटच्या पानावर अक्षर वेडंवाकडं झालं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं, आणि मग मराठीत सांगितलं.

"लिहिलंय, पाणी दर वेळी उकळलेलं. माणूस प्रामाणिक आहे, त्याच्याबद्दल शंका नाही. ताक दोनच घोट, त्याआधीच पोटात कुरकुर सुरू होती, तेव्हा त्या बाईला दोष देऊ नये. मग कशाने? हे शोधलं पाहिजे." डॉक्टरांनी वही मिटली. "बस, एवढंच आहे."

माणूस प्रामाणिक आहे. धाकू भिंतीला पाठ टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. दोन वर्षं ती वही त्याच्या घरात आढ्याला टांगलेली होती. हेमाची सुटका तिच्यात लिहिलेली होती आणि तो तिच्याखाली जेवत होता, झोपत होता. डॉक्टरांनी त्याला रडू दिलं. मग पेन्सिल काढून त्यांनी साहेबाच्या ओळीखाली धाकूनं सांगितलेलं उत्तर लिहिलं, आणि वही साहेबाच्या माणसांकडे पाठवायचं कबूल केलं.

पंधरा दिवसांनी, जया चालती झाल्यावर, धाकू हेमाच्या दारी गेला. या वेळी वळसा घातला नाही. आंब्याखाली कुणी बसलेलं नव्हतं. गोठ्यात खुंटा तेवढा होता. हेमा दारात तांदूळ निवडत होती. दोन वर्षांत ती दहा वर्षांनी म्हातारी दिसायला लागली होती. तिनं त्याला ओळखलं.

"आता कनाला आलास?"

त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. किटली, विसण, कच्चं पाणी, वहीतल्या ओळी. बोलताना त्याचं तोंड कोरडं पडलं. हेमानं सूप खाली ठेवलं नाही, तांदूळ निवडतच राहिली.

"माजी म्हस परत येनार काय?" शेवटी तिनं विचारलं.

"नाय."

"मंग?"

"थोरं पानी दे," तो म्हणाला. "तुज्या हातचं."

तिनं सूप खाली ठेवलं. मग आत गेली. चूल पेटल्याचा वास आला, पाणी खळखळल्याचा आवाज आला. तिनं पातेलं बाहेर आणलं आणि उंबऱ्यात त्याच्यासमोर ठेवलं. वाफ निघत होती.

"इसन नाय घालनार," हेमा म्हणाली. "बस. निवल्यावर पी."

चैत्राचं ऊन होतं, पाणी निवायला वेळ लागणार होता. धाकू तिच्या दारात बसून राहिला. विहिरीवर जाणाऱ्या बायका थांबल्या. शेतावरून येणारे बाप्ये थांबले. साहेब खाल्लेल्या बाईच्या दारात साहेबाचा वाटाड्या बसलाय, ही बातमी पाडाभर झाली आणि अंगणाच्या कडेला माणसं जमत गेली. हेमा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हाताशी गार पाण्याचं मडकं होतं, पण त्याच्याकडे कुणीच बघितलं नाही.

"सांग त्यांना," ती म्हणाली.

धाकू उठला. जमलेल्या लोकांकडे तोंड करून त्यानं सांगितलं, की साहेब हिच्या ताकानं मेला नाही. माझ्या विसणानं मेला. मी पाणी उकळलं आणि मीच त्यात वाटेवरच्या तळ्याविहिरींचं कच्चं पाणी घातलं, आणि नाव हिचं घेतलं. मागच्या बाजूची एक म्हातारी डोक्यावरचा पदर सावरत मान खाली घालून उभी राहिली.

मग हेमानं वाकून पातेल्याला हात लावून पाहिला आणि तांब्या भरून त्याच्यापुढं धरला. धाकूनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि कान देऊन थांबला. जमलेल्यांना वाटलं, तो देवाचं नाव घेतोय. कुठं ठोका पडला नाही, कुणी काही विचारलं नाही. पोरकं वाटावं इतकं शांत होतं.

"उकललं हाय, साहेब," तो आपणहून म्हणाला. "नि कायपन घातलं नाय." आणि तो सगळा तांब्या प्यायला.